भुताचा सिनेमा आपल्याबद्दल काही सांगतो की नुसतं घाबरवतो?

डिचोलीकर:
तुंबाड २०१८ ला आला तेव्हा हुकला होता, २०२४ ला परत लागला तेव्हा पणजीला जाऊन बघितला आणि अजून डोक्यातून जात नाही. त्यातल्या हस्तरची, सोन्याच्या मोहरा बाळगणाऱ्या राक्षसाची, एवढी भीती नाही वाटली. काटा आला तो बाप पोराला तयार करतो तिथे. खाली दोराने कसं उतरायचं, पिठाचं रिंगण कसं घालायचं, हस्तर आमिषाची पिठाची बाहुली खात असतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातून मोहरा कशा काढायच्या, सगळं मन लावून शिकवतो, आपण पोरांना नारळ सोलायला शिकवतो तसं. आणि पोरगा पुढे म्हणतो, एकेक मोहर कशाला, अख्खा लंगोटच आणूया! मला तर आमच्या गोव्यातल्याच खाणी दिसल्या. डोंगर पोखरून पैसा आला, घराघरात ट्रक आले, आणि २०१२ ला सगळं बंद पडलं तेव्हा शेतात चिखल तेवढा राहिला. हे मला कुठल्या सामाजिक पिक्चरने एवढं टोचून सांगितलं नव्हतं.

माशेलची बाय:
नाही पटलं. खाणी तू घरून घेऊन गेलास, पिक्चरने नाही दाखवल्या. उलट हावेला राक्षसाचं तोंड दिलं की बघणारा सुटतो, तो हस्तर, मी नव्हे. आणि बाकीच्या हॉररचं काय? केस मोकळे सोडलेली बाई दिसली की ती हडळ, एकटी राहणारी म्हातारी दिसली की करणी करणारी, हे बघून बघूनच वाड्यावरच्या एकट्या बाईकडे लोक तसे बघतात. माझ्या मावशीने हे सोसलंय, त्यामुळे मला यात करमणूक दिसत नाही.

डिचोलीकर:
मावशीचं वाचून वाईट वाटलं गो. त्या पिक्चरांबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर. पण मग लपाछपी बघ, २०१७ चा, मराठीच. उसाच्या शेतातलं घर, पोटुशी बाई, भुतं पण आहेत, पण खरी भीती त्या घरातल्या जिवंत माणसांची, ज्यांना मुलगी नको असते.

पेडणेकर काका:
माझं दुखणं वेगळं आहे. आमच्याकडे देवचार म्हणजे राखणदार, गावची सीम राखणारा, खांद्यावर कांबळ नि हातात दांडा. आजी रात्री वाटेला लागताना त्याला सांगून निघायची, भिऊन नव्हे, घरच्या वडीलधाऱ्याला सांगतात तसं. त्याला रोट ठेवायचो. माझा नातू मोबाईलवर असले पिक्चर बघून विचारतो, आजोबा, देवचार माणसं मारतो काय? न दिसणारं सगळं वाईटच, हे कोणी शिकवलं त्याला?

डिचोलीकर:
काका, पण थोडा धाक होताच ना? म्हणूनच देवराईत कोयता चालला नाही.

पेडणेकर काका:
धाक वेगळा नि किळस वेगळी रे बाबा.

माशेलची बाय:
मीपण तुंबाड थेटरातच बघितला, रीरिलीजला. बाहेर पार्किंगमध्ये दोन पोरं बोलत होती, बाहुल्या एवढ्या न्यायलाच नको होत्या, दोघांनी मिळून नीट प्लॅन केला असता तर लंगोट आला असता. अडीच-तीनशे रुपयांचं तिकीट काढून त्यांनी हे घेतलं. आता सांग.

डिचोलीकर:
हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. माझा सख्खा भाऊ कालच विचारत होता, खाण परत चालू होतेय तर सेकंडहँड ट्रक घेऊ काय. तोपण माझ्याबरोबर होता त्या शोला.