एमजीबी तापल्यावर बंद पडते: इग्निशनचा दोष कसा शोधावा?

प्रश्न: माझी १९७१ सालची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) थंड असताना उत्तम चालते, परंतु इंजिन तापले की अडखळत बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते. पेट्रोलपुरवठा ठीक आहे. कॉइल (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग) बदलावी का?

उत्तर १: कृपया लगेच कॉइल बदलू नका. गाडी बंद पडताच कॉइलच्या मधल्या वायरीची ठिणगी पाहावी. ती क्षीण असेल आणि कॉन्टॅक्ट पॉइंटांवर (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) मात्र मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंटांवरच्या ठिणग्या आवरणाऱ्या भागावर) राहील, कारण उष्णतेने त्याची आतील जोडणी सुटू शकते. पॉइंटांमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे.

उत्तर २: डिस्ट्रिब्यूटरमधील (प्रत्येक स्पार्क प्लगला वीज वाटणाऱ्या भागातील) लवचीक वायरही मीटर लावून, हलवून तपासावी, कारण व्हॅक्यूममुळे (इंजिनाच्या हवेच्या ओढीमुळे) पॉइंटांखालची प्लेट सतत फिरत राहिल्याने त्या वायरीचे तंतू आवरणाच्या आत तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.