१९७३ ची विनेबेगो: डाव्या चाकांचे नट आवळताना टॉर्क रेंच ‘टक्’ म्हणतच नाही

चाकावरचं_बिऱ्हाड

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

मी आयोवात, डे मॉइनला राहतो. गेल्या ऑक्टोबरात एका शेतकरी आजोबांच्या कोठारातून १९७३ सालची विनेबेगो ब्रेव्ह ही मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उचलली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: समोरच्या काचेवर भुवईसारखं पुढे आलेलं कपाळ आणि अंगावर मोठा पसरट ‘डब्ल्यू’, तीच ही. बांधली इथून दोन तासांवरच्या फॉरेस्ट सिटीत. खालची चासी आणि ३१८ घन इंचांचं व्ही-८ इंजिन डॉजचं. मागे जोडचाकं. बायको तिला ‘डबा’ म्हणते. पावसात छत गळतं त्या दिवशी आणखीही काही म्हणते.

जूनमध्ये साउथ डकोटातल्या बॅडलँड्सला जायचं ठरलंय, म्हणून आधी टायर बदलायला नेले. दुकानातल्या मुलाने एअर गन लावली. उजवी बाजू पाच मिनिटांत सुटली. डावीकडचे नट काही हलेनात. त्याने गनचा जोर वाढवला, आणि फाट्‌, फाट्‌ करून दोन स्टड (नट ज्यांवर बसतात ते चाकाचे बोल्ट) तुटले. मग मागून एक वयस्कर मेकॅनिक हात पुसत आला, काही न बोलता एका स्टडच्या टोकावरचा गंज अंगठ्याने चोळला आणि मला दाखवला. खाली ‘एल’ अक्षर, म्हणजे लेफ्ट. डाव्या बाजूला उलटे आटे! मुलगा इतका वेळ नट सोडत नव्हता, आवळत होता.

दुकानदाराने दोन्ही स्टड स्वतःच्या खर्चाने बदलून दिले, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण नट पुन्हा गननेच ठोकले. घरी आल्यावर मला काही चैन पडेना. ठरवलं, सगळे सोडायचे आणि हाताने मोजून आवळायचे.

मॅन्युअलमध्ये ५/८ इंची स्टडसाठी दोन आकडे आहेत. शंकूच्या नटाला १७५ ते २२५ फूट-पाउंड (आवळण्याच्या जोराचं माप), फ्लँजच्या, म्हणजे बुडाशी सपाट चकती असलेल्या नटाला ३०० ते ३५०. माझे नट शंकूचे आहेत, टोक निमुळतं आणि रिमच्या भोकात जाऊन बसणारं. म्हणून २०० धरले. नवा क्लिकवाला टॉर्क रेंच (ठरवलेला जोर गाठला की ‘टक्’ वाजणारा पाना) आणला, २५० पर्यंतचा. उजवी बाजू झकास झाली. प्रत्येक नटाला खणखणीत ‘टक्’. डावीकडे गेलो, रॅचेटचा (पाना कोणत्या दिशेला पकडेल ते ठरवणारा) खटका उलटा केला आणि ओढत राहिलो. टक् नाही. आणखी ओढलं. तरी नाही. मग एकाएकी पाना गुळाच्या पाकासारखा ओढला जायला लागला. जोर तेवढाच, नट मात्र फिरतोय. घाबरून थांबलो. पहिल्याच नटावर ही गत, बाकीच्यांना हातच लावला नाही.

आता सांगा: पाना खराब, की मी? तो स्टड गेला का? आट्यांना तेल लावावं का? (इथला एक शेजारी म्हणतो लाव, दुसरा म्हणतो पाप आहे.) आणि डावीकडचे सगळे स्टड काढून सरळ आट्यांचे करून टाकावेत का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्पॅनरसम्राट

एवढा काय विचार करायचा राव! आटे उलटे असोत की सुलटे, पान्याला चार फुटी पाइप घालायचा, वर उभं राहायचं, करकर आवाज आला की झालं. मी माझ्या गाडीला हेच करतो. आणि आट्यांना ग्रीस मारा भरपूर, पुढच्या वेळी सोडायला सोपं जातं.

डेपोतला_तात्या

बिऱ्हाडसाहेब, नमस्कार. एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्म्याच्या वर सातारा विभागात चाकं आणि ब्रेक यांच्यातच गेली. लेलँडच्या जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटेच असायचे. नवीन पोरगा भरती झाला की त्याला मुद्दाम डाव्या चाकावर बसवायचे आणि बाकीचे चहा घेत गंमत बघायचे. मीही बसलोय. पाऊण तास झटत होतो. त्यामुळे तुमच्या दुकानातल्या मुलाला फार बोल लावू नका.

उलटे का ठेवायचे, ते सांगतो. रिमचं भोक आणि स्टड यांच्यात केसभर फट राहते. चाक फिरतं तसा गाडीचा भार त्या फटीत गोल गोल फिरतो आणि नटाला एका बाजूला लोळवत नेतो. डाव्या चाकाला सरळ आटे असतील तर ते लोळणं नट सोडवण्याच्या दिशेने होतं. सायकलचं डावं पेडल कधी खोललंय का? तेही उलटंच सुटतं, कारण हेच. पण नट मुळात पुरता आवळलेला असेल तर ही फट हलतच नाही, मग आटे कसे का असेनात.

आता पाइपवर उभं राहणाऱ्या सम्राटांना. तुमचं वजन ७० किलो धरू. चार फुटांच्या टोकाला उभे राहिलात की सहाशे फूट-पाउंडांच्या वर गेलात. साहेबांना पाहिजेत दोनशे. करकर आवाज येतो तो स्टड रडतो म्हणून.

साहेब, आवळण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. चाक काढलंच आहे तर ब्रेकच्या ड्रमचं तोंड आणि रिमची पाठ तारेच्या ब्रशने घासा, लोखंड दिसेपर्यंत. जुन्या गाडीला हौसेने रंगावर रंग मारलेले असतात. तो थर चालताना दबतो, दबला की नट ढिला पडतो, आणि मग लोक म्हणतात, ‘मी तर नीट आवळला होता’. मागे जोडचाकं आहेत, तिथे दोन रिमांच्या मधला भागही घासायचा. तो सगळे विसरतात.

नट सुरुवातीला बोटांनीच फिरवायचा, पान्याने नाही. बोटांनी फिरत नसेल तर आट्यात काहीतरी आहे. मग समोरासमोरच्या जोड्या: घड्याळ डोळ्यांपुढे आणा, आधी बारा आणि सहा, मग तीन आणि नऊ, मग मधले चार तसेच समोरासमोर. एका दमात दोनशेला जायचं नाही. पहिली फेरी पन्नासची, चाक अधांतरी असताना, म्हणजे शंकू आपापल्या भोकात बसतात. दुसरी सव्वाशेची. शेवटची चाक जमिनीवर टेकवून. आतलं चाक बसवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर येतील असं बघा, नाहीतर हवा भरताना बोटं सोलून निघतील.

आणि ८० किलोमीटर गाडी चालवून परत या. गार झाल्यावर परत पाना लावा. नट सोडायचे नाहीत, फक्त पुढे ओढून बघायचे. काही फिरले तर आणखी ८० नंतर पुन्हा. डेपोत हे करत नव्हतो असं नाही म्हणणार, पण जेव्हा केलं नाही तेव्हा काय होतं तेही पाहिलंय. रोज सकाळी गाडीभोवती चक्कर मारा. नटाखालून तांबडी रेघ ओघळलेली दिसली की त्या चाकाने गाडी हलवायची नाही.

मायक्रॉनमावशी

तात्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पान्याचं बोलते. पुण्यात टॉर्क रेंच तपासण्याचंच काम करते, दिवसाला वीस-पंचवीस हाताखालून जातात.

बिऱ्हाड, पाना खराब नाही. क्लिकच्या बऱ्याच पान्यांत रॅचेट दोन्हीकडे चालतं, पण मोजमाप एकाच दिशेला होतं, घड्याळाच्या काट्यांच्या. खटका उलटा केला की तो नुसता लांब दांड्याचा पाना होतो. तुम्ही दोनशेला थांबायला सांगितलं होतंत, त्याने ऐकलंच नाही, कारण त्या बाजूला त्याला कानच नाहीत. पान्याच्या डोक्यावर एकच बाण कोरलेला आहे का बघा. असेल तर उत्तर तेच. खोक्यावर हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच, आणि दुकानात कुणी सांगत नाही, कारण उलटे आटे लागतातच किती जणांना!

उपाय: ज्याचा चौकोनी दांडा डोक्यातून आरपार ढकलून दुसऱ्या बाजूला काढता येतो तो पाना घ्या. तो पालथा केला की उलट्या दिशेलाही मोजतो. किंवा काट्याचा साधा पाना, तो दोन्हीकडे सारखाच चालतो, फक्त दोनशेपर्यंत जाणारा मिळायला हवा.

तेलाचं. तुम्ही दोनशेने ओढता तेव्हा त्यातला साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, आणखी चाळीसएक टक्के आट्यांत. स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा, आणि चाक धरून ठेवतो तो तेवढाच ताण. आता आट्यांना आणि शंकूला ग्रीस फासलं की घर्षण उतरतं. पाना दोनशेलाच टक् म्हणतो, पण स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा आहे. गंज ब्रशने काढा, पुसा, कोरडंच बसवा. सम्राट, सॉरी.

गुळाच्या पाकासारखं लागलं म्हणालात, ते वर्णन मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. स्टड लवचीकतेच्या पलीकडे गेला की अगदी तसंच लागतं. खात्री करायची तर नट काढा आणि चांगला नवा नट बोटांनी त्या स्टडवर शेवटपर्यंत फिरवा. मध्येच अडकला तर आट्यांमधलं अंतर वाढलंय, म्हणजे स्टड ताणलाय. तो बदला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचेही बदला. सरळ फिरला तरी मी असते तर तो ठेवला नसता.

सरळ आट्यांचं म्हणाल तर करून टाका. शंकूचे नट नीट आवळले तर फरक पडत नाही, आणि पुढचा मेकॅनिक फसणार नाही.

डेपोतला_तात्या

मावशी, इथे माझं जमत नाही. सगळे सोळाच्या सोळा बदलले तर ठीक. पण माणूस आज पुढचे बदलतो, मागचे ‘दिवाळीनंतर’ म्हणतो, आणि मग एकाच बाजूला दोन तऱ्हा होतात. त्यापेक्षा जुनं आहे तसं ठेवा. डावीकडच्या प्रत्येक स्टडच्या टोकाला लाल रंगाचा टिपका द्या. फक्त टोकाला, शंकूवर रंग जाऊ देऊ नका. आणि ड्रायव्हरसमोर एक चिठ्ठी चिकटवा.

स्पॅनरसम्राट

चुकलं. पाइप भंगारात टाकतो. ग्रीसचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं.

चाकावरचं_बिऱ्हाड

तात्या, मावशी, तुमचे उपकार कसे फेडू! दोन शनिवार गेले, आता अहवाल.

पान्याच्या डोक्यावर बाण होता. एकच. इतके दिवस मी तो शोभेचा समजत होतो. जवळच्या एका ट्रकच्या वर्कशॉपमधून पाऊण इंची, दोन्हीकडे चालणारा पाना दोन दिवसांसाठी मागून आणला. माझ्या कमरेइतका उंच आहे. त्याने दोनशे ओढायला जोर लागतच नाही, नुसतं टेकलं की टक्.

संशयित स्टडवर नवा नट फिरवला: सहा आटे लोण्यासारखा गेला आणि सातव्यावर रुतला. तो आणि शेजारचे दोन बदलले. ‘एल’ कोरलेले स्टड मिळायला नऊ दिवस लागले, दुकानातल्या बाईंनी तीनदा विचारलं, ‘नक्की लेफ्टच हवेत ना?’

खरी गंमत मागच्या डाव्या जोडचाकात. दोन रिमांच्या मध्ये घासायला लागलो तर आधी पिस्तई रंग निघाला, त्याखाली क्रीम, त्याखाली चंदेरी. पन्नास वर्षांचे तीन मालक एकाखाली एक. पिस्तई थर नखाने निघत होता, पापडासारखा. चार तास घासलं. बायको खुर्ची टाकून शेजारी बसली होती आणि दर पंधरा मिनिटांनी विचारत होती, ‘डब्याचा तळ दिसला का?’

मग रविवारी एम्सपर्यंत जाऊन आलो, येऊन-जाऊन शंभरएक किलोमीटर. गार झाल्यावर पाना लावला. पुढचे सगळे जागच्या जागी टक्. उजवे मागचेही. डाव्या मागच्या चाकाचे दोन नट मात्र टक् म्हणायच्या आधी चांगले अर्धा इंच सरकले, म्हणजे पान्याच्या टोकाला नाही, नटाच्या कडेवर. आदल्या दिवशी खडूने रेघ मारून ठेवली होती म्हणून दिसलं. पुन्हा तेवढंच चालवून आलो, तेव्हा रेघा जुळल्या.

सरळ आट्यांचा विचार सोडला. मावशी, तुमचं पटलं होतं, पण तात्यांच्या ‘दिवाळीनंतर’ने मला बरोबर ओळखलं. लाल टिपके दिलेत. स्टिअरिंगच्या वर चिठ्ठी लावली आहे, इंग्रजीत आणि मराठीत: डावीकडे उलटे आटे. मराठी कुणासाठी, असं मुलीने विचारलं. म्हटलं, माझ्यासाठी.

डेपोतला_तात्या

वा, साहेब. खडूची रेघ मी सांगायला विसरलो होतो, तुम्ही आपणहून मारलीत.

एक राहिलं. स्टेपनीचं चाक बघितलंत का? एकसंध रिम आहे की कडेला वेगळी रिंग बसवलेली? त्या काळच्या काही जड गाड्यांना रिंगवाली असायची. रिंगवालं असेल तर त्यात हवा भरायला जाऊ नका, आधी फोटो टाका. ती रिंग उडाली की समोर कोण आहे ते बघत नाही.

चाकावरचं_बिऱ्हाड

स्टेपनी मागच्या शिडीखाली, कव्हरमध्ये. कव्हर ऑक्टोबरापासून उघडलेलंच नाही. बाहेर आत्ता पाऊस आहे. उद्या सकाळी उघडून फोटो टाकतो. तोवर हात लावत नाही.