मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनमधल्या उबंटू बीटाचं अपडेट जागेअभावी अडलंय

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदारांसाठी मराठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. नवी सिस्टीम आली की बिलावरचा ‘दुसऱ्या’तला अर्धा र तुटतो का, हे आधीच पाहावं लागतं. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आतच दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, टाकली. नेहमीची अपडेट्स घेत गेलं की बीटाचीच पक्की आवृत्ती होते, त्यामुळे पुन्हा इन्स्टॉल करायचं नव्हतं.

डिस्क मात्र मी २५ जीबीचीच दिली होती. काल रात्री पॅकेजेस उलगडताना जागा संपली आणि अपडेट अर्ध्यात थांबलं. आता लॉगिननंतर नुसती काळी स्क्रीन.

चार स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या वेळच्या जतन केलेल्या स्थिती) आहेत. डिस्क वाढवायची तर आधी ते काढून मूळ डिस्कमध्ये मिसळावेत असं मला वाटतं; पण मिसळतानाही लॅपटॉपवर मोकळी जागा लागते, आणि माझ्याकडे १८ जीबीच उरलीय. शिवाय डिस्क वाढवली तरी आतलं पार्टिशन (डिस्कचा उबंटू वापरते तो भाग) वेगळं वाढवावं लागणारच.

अपडेटच्या आधीच्या स्नॅपशॉटवर परत जाऊन तिथूनच क्लोन (मशीनची वेगळी प्रत) काढला तर चालेल का? कुणी असं केलंय का? कोणत्या क्रमाने केलं, तेवढं कृपया सांगा. सोमवारी कारखान्यात बिल छापून दाखवायचंय.