खारबांध, शीव आणि प्राचीन काळातील जमिनीची वाटणी

ऐरोलीकर:
नमस्कार. ऐरोलीच्या खाडीकाठी आमच्या आजोबांची भाताची खाचरे होती आणि भरतीचे पाणी मातीच्या खारबांधाने अडवलेले असे. नवी मुंबई उभी राहताना ती जमीन गेली. कोणाचे खाचर कुठवर, हे कागद न पाहताही साऱ्या गावाला ठाऊक होते, असे आजी सांगत असे. मग लेखनच नसलेल्या समाजांनी जमीन कशी वाटली असेल? त्यांचे लांबलचक बांध ही हद्द होती, की केवळ शेतीच्या सोयीची रचना?

मुलुंडचा वाचक:
इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर इ.स.पू. 1500 च्या सुमाराचे दगडमातीचे बुटके बांध आहेत. त्यांना तिथे ‘रीव्ह’ म्हणतात. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी 1970 च्या दशकात त्यांचा बारकाईने अभ्यास केला. हे बांध एकमेकांना समांतर धावतात आणि मध्ये नदीचे खोरे आले तरी दिशा न सोडता पलीकडे जातात. एकेका कुटुंबाने गरजेपुरते शेत वाढवत नेले असते, तर अशी सरळ आखणी झाली नसती. म्हणून अनेक वस्त्यांनी आधी एकत्र बसून वाटणी ठरवली आणि मग बांध घातले, हे मत मला पटते. आठव्या शतकातील ऑफा राजाच्या नावाने ओळखला जाणारा प्रचंड मातीचा बांध मात्र यात धरू नये. ती राज्याची सरहद्द होती, शेताची नव्हे.

ठाणे पूर्व:
आपल्याकडचा पुरावा जवळच आहे. ठाण्याच्या किल्ल्यात 1787 साली खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939, म्हणजे इ.स. 1017 चा ताम्रपट सापडला. त्यात दान दिलेल्या गावाच्या चारही सीमा सांगताना शेजारची गावे, डोंगरावरून येणारे पाणी आणि नदी यांचा उल्लेख आहे. म्हणजे हद्द माणसांच्या ओळखीच्या खुणांवर उभी होती. ‘शीव’ हा आपला शब्द त्याच ‘सीमा’पासून आला, आणि मुंबई बेट व साष्टी यांच्या हद्दीवरच्या वस्तीचे नावही शीवच आहे.

बेलापूरचे काका:
ताम्रपटाची रीत खारजमिनीला लागू पडत नाही, एवढेच नम्रपणे सुचवतो. तिथे डोंगर नाही, जुने झाड नाही, आणि चिखलातला ओहोळ वाट बदलतो. त्यामुळे हद्द माणसालाच घडवावी लागते. बाहेरचा मोठा बांध सर्वांचा असे आणि आतले लहान बांध ज्याचे त्याचे. लहान बांध एकाच वेळी पाणीही धरी आणि वाटणीही दाखवी, म्हणून आपण विचारलेले ‘हद्द की सोय’ हे दोन पर्याय इथे वेगळे काढता येत नाहीत. बाहेरच्या बांधाला खांड पडली, की पुढच्या भरतीआधी ती बुजवायला घरटी एक माणूस जाई. जो जात नसे, त्याच्या वाट्याचा विषय मग गावकीत निघे.

ऐरोलीकर:
काका, आजीही नेमके हेच सांगायची: आधी बांधावर किती हात आले ते मोजायचे, मग खाचरे. डार्टमूरच्या बांधांच्या दुरुस्तीबद्दल कोणी अभ्यास केला असेल, तर तो मला वाचायला आवडेल.