थंडीत बाहेर चालताना: तुमचे अनुभव लिहा

रानवाट: आज माळ्यावरून जुने बूट निघाले आणि आजोबा आठवले. कितीही गारठा असो, त्यांचं फिरणं चुकायचं नाही. निघण्याआधी बुटाचा तळ अंगठ्यानं दाबून बघायचे. आम्ही हसायचो. आता कळतं, रबर थंडीनं कडक झालं की बर्फावर पकड राहत नाही. तुमचे किस्से येऊ द्या.

चष्मेवाली: बर्फ दिसतच नव्हता! ओला रस्ता वाटला, निघाला ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा न दिसणारा पातळ बर्फ. मनगट प्लास्टरमध्ये. महिनाभर वेणी नवऱ्यानं घातली, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

निवांत: वेणीचा फोटो टाका ताई 😂

रात्रपाळी: उणे वीसला मी बिनधास्त चालतो. भीती वाटते ती शून्याच्या आसपासची. कडक थंडीत बर्फ कोरडा असतो, पाय बऱ्यापैकी धरतो. दुपारी वितळलं आणि रात्री परत गोठलं की काच. वर पाण्याचा पातळ थर असेल तर विचारूच नका. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, त्याला खालूनही वारा लागतो. आणि मीठ टाकलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, उणे दहाच्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग नाही.

चष्मेवाली: @रात्रपाळी अगदी हेच झालं, आदल्या दिवशी छान ऊन होतं.
@निवांत नाही टाकणार.

सावकाश: पेंग्विनसारखं चालायचं. लहान पावलं, तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. लोक हसतात, हसू देत. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावत असाल तर दारातच काढा, फरशीवर सर्रकन जातात.

मीरा_वॉर्ड: ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, शेकू पण नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. घरात येऊन 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. परत थंडीत जायचं असेल तर मात्र तिथेच ऊब देत बसू नका, दुसऱ्यांदा गोठलं तर जास्त वाईट. आणि कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला, शब्द अडखळायला लागले तर त्याला बरं वाटत नाहीये, उलट आहे. शरीर 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. लगेच दवाखाना. बेल वाजली, जाते.

निवांत: बापरे. मी आपला वेणीवर अडकलोय.

धाप: दमेकरी हजर. मफलर नाकावरून घ्या, आत जाणारी हवा जरा ऊबदार होते. चष्म्यावर वाफ येते ती वेगळीच कटकट. आतला थर सुती नको, घामानं भिजला की वाळत नाही, लोकरीचा बरा.

रानवाट: वाऱ्याचंही लिहा कोणीतरी

सावकाश: उणे 10 आणि ताशी 30 किमी वारा म्हणजे अंगाला उणे 20 सारखं. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. घामेजून परतताना समोरून वारा नको.

शेपूट: आमचा बोक्या (कुत्रा आहे) रस्त्यावरच्या मिठानं पंजे चाटत बसतो. घरी आलो की आधी त्याचे पाय धुते, मग माझे बूट.

धाप: कुत्र्याचं नाव बोक्या??

शेपूट: मुलीनं ठेवलंय दादा. त्याला बूट पण आणलेत, तीन घालू देतो, चौथा पळवतो.