रक्तक्षय आणि मातामृत्यू: नकाशावर ठिपका नेमका कुठे टाकायचा?

सातपुडा_माहिती विचारतात:

नमस्कार. अक्कलकुवा आणि धडगाव (अक्राणी) तालुक्यांतल्या पाच वर्षांच्या मातामृत्यूंची लाईन लिस्ट (दर मृत्यूला एक ओळ अशी यादी) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर मांडायची आहे. मृत्यूच्या ठिकाणाने ठिपके टाकले की सगळे नंदुरबारच्या रुग्णालयाभोवती गोळा होतात. राहत्या गावाने टाकले तर इतके विखुरतात की काहीच बोध होत नाही. शिवाय मृत्यूचे कारण म्हणून 'रक्तक्षय' क्वचितच लिहिलेले आहे. एचबी (हिमोग्लोबिन, ग्रॅम प्रति डेसिलिटर) ७ च्या खाली असलेल्या कितीतरी बाया 'प्रसूतिपश्चात रक्तस्राव' या कारणाखाली गेल्या आहेत. रक्तक्षयामुळे नेमके कुठे मृत्यू होतात, हे या माहितीतून प्रामाणिकपणे दाखवता येईल का? गावनिहाय एमएमआर (दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू) काढू का?

---

प्रसूती_ग्रामीण:

गावनिहाय एमएमआर काढू नका, त्याचे कारण इथले आकडेवाले सांगतीलच. मी कारणाच्या रकान्याबद्दल लिहिते, कारण तो सुटला नाही तर पुढचा नकाशा चुकीच्याच गोष्टीचा होईल.

आयसीडी-एमएमच्या (मातामृत्यूच्या कारणांचे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण) पद्धतीत मूळ कारण एकच असते. बाईला रक्तस्राव झाला आणि ती गेली, तर मूळ कारण प्रसूतिपश्चात रक्तस्राव (कोड ओ७२) लागते आणि रक्तक्षय 'हातभार लावणारी स्थिती' म्हणून खाली जातो. नियम म्हणून हे बरोबर आहे. पण एचबी ११ असलेली बाई ५०० मिली रक्त गेले तरी बहुधा सावरते आणि एचबी ५ असलेली तेवढ्यातच कोसळू शकते. म्हणून फक्त मूळ कारणावर गाळणी लावली की तुम्हाला हव्या असलेल्या बहुतेक केसेस गळतात.

प्रत्येक मृत्यूसाठी मूळ कारणाशेजारी शेवटची एचबी, तिची तारीख, तेव्हा कितवा आठवडा होता आणि कोणत्या पद्धतीने तपासली, हे वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. माता मृत्यू अन्वेषणाच्या फॉर्ममध्ये आणि व्हर्बल ऑटोप्सीत (घरच्यांना विचारून कारण शोधणे) यातले बरेच सापडते. यात दोन चुका हमखास होतात. पहिली, रक्तस्राव सुरू झाल्यावर दाखल करताना घेतलेली एचबी 'आधीचा रक्तक्षय' म्हणून धरली जाते. ती धरायची नाही, रक्तस्रावाच्या आधीचीच घ्यायची. दुसरी, नोंद नसलेला रिकामा रकाना एक्सेलमधून येताना शून्य होतो आणि ते गाव नकाशावर सर्वांत लाल दिसते. 'नोंद नाही' हा स्वतंत्र गट ठेवा. एकही एचबी न तपासता बाई गेली, ही तर सर्वांत गंभीर माहिती आहे.

आणि तुमच्या भागात सिकलसेलचा (आनुवंशिक रक्तविकार) रकाना हवाच. आयसीडी-१० (रोगांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) मधला ओ९९.० हा कोड डी५० ते डी६४ सगळे पोटात घेतो. म्हणजे लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आणि सिकलसेल (डी५७) एकाच कोडखाली येतात. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये (अचानक बळावलेल्या झटक्यात) गेलेली बाई लोहाच्या गोळ्या वाढवून वाचली नसती.

---

नकाशा_आणि_अंक:

मॅडमनी मूळच सांगितले. आता ठिपक्याबद्दल.

मृत्यूचे ठिकाण फक्त रुग्णालय कुठे आहे तेवढे दाखवते. राहते गाव जास्त बरे, पण त्यातही फसगत आहे. धडगावकडचे एक महसुली गाव म्हणजे कित्येक पाडे, एकमेकांपासून डोंगर-नाल्यांनी तुटलेले. गावाच्या हद्दीचा मध्यबिंदू काढला तर तो बऱ्याचदा निर्जन टेकडीवर पडतो. तिथून अंतर मोजणे निरर्थक. पाड्यावरच्या अंगणवाडीचे किंवा आशाताईंच्या घराचे जीपीएस घ्या. ओडीके किंवा कोबोच्या (मोबाईलवर माहिती भरायची ॲप्स) फॉर्ममध्ये हे सहज बसते. अचूकता १० मीटरच्या आत आल्याशिवाय बिंदू साठवू नका.

लाईन लिस्टमध्ये 'राहते गाव' म्हणजे कोणते, हेही तपासा. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते, तर काही कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत गेलेली असतात. मी दोन बिंदू ठेवीन: नेहमीचे घर, आणि दुखणे सुरू झाले तेव्हा ती जिथे होती ते ठिकाण. गोळ्या, तपासणी, नोंदणी हे प्रश्न पहिल्या बिंदूवर बघायचे. गाडी आणि रक्त किती वेळात मिळाले, हे दुसऱ्यावर.

गावांची जोडणी नावाने करू नका. एकाच नावाची गावे असतात आणि लेखनही बदलते. २०११ च्या जनगणनेचा गाव-कोड किंवा एलजीडी (सरकारी स्थानिक संस्था निर्देशिकेचा) कोड वापरा. अंतर मोजण्याआधी थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या प्रक्षेपणात आणा, नाहीतर अंतर अंशांत येईल.

एमएमआरचे गणित असे. समजा तालुक्यात वर्षाला ४,००० जिवंत जन्म होतात आणि खरा एमएमआर १०० आहे. अपेक्षित मृत्यू झाले ४. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा एखाद्या वर्षी १ तर एखाद्या वर्षी ८ येऊ शकतो, परिस्थिती काडीचीही न बदलता. ५०० जन्मांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक मृत्यू झाला की एमएमआर २०० आणि पुढच्या वर्षी शून्य. म्हणून पाच वर्षे एकत्र करा, एकक किमान प्रा. आ. केंद्राचे ठेवा, जिओडा या सॉफ्टवेअरमध्ये एम्पिरिकल बेजने (थोड्या जन्मांवरचे दर सरासरीकडे ओढणारी पद्धत) दर सौम्य करा. पुंजके (मृत्यू अपेक्षेपेक्षा दाटलेले भाग) शोधायला सॅटस्कॅन या सॉफ्टवेअरचे पॉयसाँ मॉडेल (विरळ घटनांसाठीचे) चालेल. त्यातल्या 'खिडकी'ची (शोधत फिरणाऱ्या वर्तुळाची) कमाल मर्यादा मुळात ५० टक्के लोकसंख्येची असते. ती तशीच ठेवली तर दोन तालुक्यांतला अर्धा भाग 'पुंजका' ठरू शकेल. १० ते २० टक्क्यांवर आणा. छेदात जिवंत जन्म आईच्या राहण्याच्या ठिकाणाने हवेत, एचएमआयएसमधले (सरकारी आरोग्य माहिती प्रणाली) प्रसूतीच्या ठिकाणाचे नकोत.

---

रक्तसाठा_तंत्रज्ञ:

प्रा. आ. केंद्राभोवती ५ किमीचे वर्तुळ काढून 'सेवा पोहोचते' असे रंगवू नये, एवढी कळकळीची विनंती. नर्मदाकाठच्या पाड्यांना हे वर्तुळ लागूच होत नाही. अंतर नव्हे, रक्ताच्या पिशवीपर्यंतचा वेळ मोजा.

ॲक्सेसमॉड हे प्रवासाचा वेळ काढणारे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात ३० मीटरचा एसआरटीएम उंचीचा (उपग्रह माहितीवरचा) थर, रस्ते (सरकारी जिओसडक आणि खुला ओपनस्ट्रीटमॅप दोन्ही ताडून) आणि नदी-नाले घाला. वेग सुरुवातीला असे धरा: झोळीतून चढावर ताशी २ किमी, कच्च्या रस्त्यावर १५, डांबरी घाटात ३०. मग रुग्णवाहिकेच्या चालकांना विचारून दुरुस्त करा. ते तुमच्या मॉडेलपेक्षा अचूक सांगतात. पावसाळा आणि उन्हाळा असे दोन वेगळे नकाशे करा. सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी खाली-वर होते तसा बोट लागण्याचा धक्काही सरकतो.

गाडीचा वेळ दोन्ही बाजूंचा धरा, कारण ती आधी यायची असते. त्यात क्रॉसमॅचचा (रक्त जुळते का ते तपासण्याचा) पाऊण तास मिळवा. आणि लक्ष्य 'जवळचे रुग्णालय' नको, रक्तसाठा खरोखर चालू असलेले केंद्र हवे. फलक असून फ्रीजमध्ये पिशवी नसलेले केंद्र नकाशातून वगळा. प्रसूतिपश्चात रक्तस्राव न थांबल्यास साधारण दोन तासांत जीव जातो, हा उंबरठा धरून पाडे रंगवा.

---

सातपुडा_माहिती:

खूप आभार. मृत्यू एवढे थोडे असतील तर तीव्र रक्तक्षयाच्या चालू गरोदर माता मांडल्या तर? आणि हा नकाशा बैठकीत दाखवावा का?

---

प्रसूती_ग्रामीण:

मांडाच, खरा उपयोग तिथेच आहे. पण आधी उपकेंद्रनिहाय एचबीचे आलेख बघा. सगळे आकडे ८, ९, १० असे पूर्ण येत असतील तर ते अंदाजाने लिहिलेले आहेत. साहलीच्या (एचबी मोजायच्या जुन्या पद्धतीच्या) नळीत रंग डोळ्यांनी जुळवतात, आणि बोट दाबून रक्त काढले की ऊतकद्रव मिसळून एचबी खोटी कमी येते. एका केंद्रात साहली आणि शेजारी डिजिटल मीटर असेल, तर नकाशावर दिसणारा फरक उपकरणांचा असू शकतो.

मग दर आठवड्याला आरसीएच (माता-बाल आरोग्य) नोंदींतून एचबी ७ च्या खालच्या माता घ्या आणि रक्तापर्यंतच्या वेळेचा थर त्याखाली ठेवा. शिरेतून लोह दिल्यावर एचबी वर यायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसरी तिमाही सुरू न झालेल्या मातांना ही संधी असते. त्यापुढच्यांना आणि एचबी ५ च्या खालच्या प्रत्येकीला रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी भरती करायचे. सिकलसेल असेल तर लोह देण्याआधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) तपासा.

---

नकाशा_आणि_अंक:

बैठकीत पाड्याचे ठिपके दाखवू नका. दोनशे वस्तीच्या पाड्यावरचा ठिपका म्हणजे त्या बाईचे नावच, आणि मग आशाताईंना दोष द्यायला सुरुवात होते. पुढच्या वेळी त्या मृत्यूच कळवत नाहीत. बैठकीला प्रा. आ. केंद्राच्या पातळीचा सौम्य केलेला नकाशा न्या. आकडा ५ च्या खाली असेल तिथे रंग द्या, संख्या लिहू नका. मूळ बिंदूंची फाईल पासवर्ड घालून अन्वेषण समितीपुरती ठेवा. व्हॉट्सॲपवर तर नकोच. चालू मातांची यादी मात्र नकाशा म्हणून नव्हे, नाव आणि फोनसह थेट त्या-त्या उपकेंद्राच्या एएनएमच्या (आरोग्यसेविकेच्या) हातात, दर सोमवारी.