मदत हवी आहे: माझदा आरएक्स-८ साठी रोटरी इंजिनचा जाणकार मेकॅनिक (इंग्लंड, मिडलँड्स)

नमस्कार मंडळी, गाड्यांची आवड असलेले बरेच जण इथे आहेत, त्यात इंग्लंडातलेही आहेत, म्हणून हक्काने विचारतोय.

मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. माझी २००५ ची आरएक्स-८ आहे, २३१ हॉर्सपॉवर वाली, सहा गिअरची, ७८ हजार मैल झालेत. गार असताना पहिल्या सेल्फला सुरू होते, पण तासभर चालवून पेट्रोलला थांबलो की मग सेल्फ नुसता फिरत राहतो, दहा सेकंद, पंधरा सेकंद, गाडी पकडतच नाही. गेल्या शनिवारी लेस्टरहून येताना बायको आणि मुलगी सोबत असताना पंपावर पाऊण तास अडकलो, इंजिन गार झाल्यावरच निघालो. चारही कॉइल, प्लग, वायरी नवीन टाकून झाल्या, सेल्फ पण बदलला, काडीचा फरक नाही. म्हणजे कॉम्प्रेशन (इंजिनाच्या आत तयार होणारा दाब) गेलं असणार असं मला वाटतंय.

आता खरी अडचण. दोन गॅरेज झाली. पहिल्याने सांगितलं गाडी ऑइल खातेय म्हणजे इंजिन संपलं, आता भंगारात काढा. अहो, पण हे इंजिन ऑइल खातंच, एपेक्स सीलला, म्हणजे आत फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना, वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दाम थोडं थोडं ऑइल आत सोडतो, दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय मला पहिल्यापासून आहे. दुसऱ्याने साधा गेज लावला, दोन्ही रोटरचा एकेकच आकडा दिला, सात बार, आणि म्हणाला कॉम्प्रेशन उत्तम आहे. माझ्या वाचण्यात असं आलंय की एका रोटरचे तीन आकडे यायला हवेत. हे बरोबर आहे का?

माझे वडील आयुष्यभर कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होते. मागच्या उन्हाळ्यात इथे आले तेव्हा बॉनेट उघडून बराच वेळ बघत उभे होते, व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, पिस्टन नाही, मग हे फिरतं कसं म्हणून विचारलं. मी कागदावर तो फुगीर त्रिकोण काढून दाखवला, तो एकदा फिरतो तोवर शाफ्ट तीनदा फिरतो हे सांगितल्यावर त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्यामुळे ही गाडी मला भंगारात घालायची नाही, आणि दुसरं इंजिन तर अजिबातच बसवायचं नाही.

तर बर्मिंगहॅम, लेस्टर, नॉर्थॅम्प्टन कुठेही, दीडशे मैलांपर्यंत टोचन करून न्यायची तयारी आहे, पण जो फक्त रोटरीचंच काम करतो असा माणूस हवा. कोणी स्वतः काम करून घेतलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. खर्च साधारण किती आला तेही सांगा.

प्रतिसाद १
दादा, तुमचं वाचन बरोबर आहे. रोटरला तीन बाजू, प्रत्येक बाजूचं कॉम्प्रेशन वेगळं. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे तो सात म्हणजे तीनपैकी चांगल्या बाजूचा, एखादी बाजू पार गेली असली तरी कळणार नाही. रोटरीचा टेस्टर वेगळा येतो, तो दोन रोटरचे मिळून सहा आकडे देतो आणि त्यासोबत इंजिन किती आरपीएमवर फिरत होतं तेही. ते २५० आरपीएमला धरून बघायचं, कारण सेल्फ जोरात फिरला की आकडा वाढतो, आणि तुमचा सेल्फ तर नवीनच आहे. कंपनीच्या हिशोबाने किमान ६.८ बार हवं, ठणठणीत इंजिनला ८.३ च्या आसपास, आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड बारपेक्षा जास्त फरक नको. टेस्ट इंजिन गरम असतानाच करायची, तुमचा त्रास गरम असतानाचाच आहे.
फोन केला की पहिलं हेच विचारा, सहा आकडे लिहून देणार का. गोलगोल बोलला तर तिथे जाऊच नका. आणि इंजिन खोलायची वेळ आली तर हाउसिंगचा, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाचा, आतला क्रोमचा थर मोजून दाखवणार का तेही विचारा. घासलेल्या हाउसिंगमध्ये नुसते नवे सील घालून दिले तर पैसे पाण्यात. माझं काम केलं त्याचा पत्ता व्यनि केलाय.

धागालेखक
खूप खूप आभार, व्यनि मिळाला. सोमवारी सकाळी फोन करतो, सहा आकडे आले की इथेच टाकतो. एक राहिलं, तोवर गाडी रोज थोडी चालवू की नुसती उभी ठेवू?

प्रतिसाद १
चालवा, पण पूर्ण गरम होईपर्यंत. गार इंजिन सुरू करून दारातल्या दारात हलवून लगेच बंद करू नका, पेट्रोलने प्लग भिजतात आणि मग गार असतानाही सुरू होणार नाही.